कणसातलं ऊन

डिसेंबरातल्या सकाळी तापीकाठी, अडाजणच्या बाजूला, पोंकाच्या मांडवांतून धूर निघत असतो. भट्टीत निखारे फुललेले असतात आणि त्यांच्यावर करड्या राखेचा थर. भाजणारा ज्वारीची हिरवी कणसं दांड्याला धरून त्या राखेत खोचतो आणि मिनिट-दोन मिनिटांत बाहेर काढतो. कणसाचा रंग हिरवाच असतो, फक्त कडा करपलेल्या. मग चार-सहा कणसं जाड कापडात गुंडाळायची आणि काठीनं झोडपायची. कापड उघडलं की दाणे सुटलेले असतात, सोबत काळा-हिरवा कोंडा. सुपात दोनदा पाखडलं की पोंक तयार. दाणा पोपटी, कोवळा, बोटात धरला तर दबणारा. विकणारी बाई मूठभर हातावर ठेवते आणि म्हणते, "लो बेन, गरम छे." दाताखाली दाणा फुटतो आणि आधी दुधासारखी गोडी लागते, मग धुराचा वास येतो.

सुरतेला याला पोंक म्हणतात. आम्ही खान्देशातली माणसं हुरडा म्हणतो. सुरती माणूस तो लिंबू-मिऱ्याची शेव, लसणाची शेव आणि साखरेचे बारीक दाणे मिसळून खातो, वर ताक पितो आणि उरलेल्याचे वडे करतो. आमच्याकडे शेताच्या बांधावर गोवऱ्यांची आगटी पेटवून, कणीस तळहातावर चोळून, फुंकर मारून खायची पद्धत. सोबत तिळाची किंवा शेंगदाण्याची चटणी आणि गूळ. दाणा एकच, नदीही एकच. तापी आमच्या गावाजवळून वाहते आणि सुरतेला येऊन समुद्राला मिळते. महाराष्ट्रात हुरड्याच्या ज्वारीची नावं विचारली तर शेतकरी गूळभेंडी, कुचकुची, काळी दगडी ही नावं सांगतो आणि त्यांच्या जोडीला 'सुरती' हे नावही घेतो. सोलापूर-नगरकडच्या ज्या माणसानं सुरत कधी पाहिली नाही, त्याच्याही तोंडी हुरड्यामुळे या शहराचं नाव आहे.

मी पस्तीस वर्षं सुरतेत मराठी माध्यमाच्या मुलांना जीवशास्त्र शिकवलं. पोंकाबद्दल लिहायला बसले की लोक पाककृतीची अपेक्षा करतात. मला सांगायचं आहे ते वेगळं. मूठभर पोंक म्हणजे ज्वारीच्या ताटानं तीन महिने गोळा केलेलं ऊन आहे, पिठात बंद होण्याच्या जरा आधी आपल्या हाती लागलेलं. हे ऊन ज्वारी ज्या रीतीनं पकडते, ती रीत माणसाला १९६० च्या दशकापर्यंत नीट कळली नव्हती. आमच्या आज्यांनी मात्र हजारो वर्षं तिच्यावर घर चालवलं.

मराठी माणसाच्या मनात सुरत म्हटली की शिवाजी महाराजांच्या स्वारीचा जानेवारी १६६४ येतो. खान्देशी माणसाच्या मनात सुरत म्हणजे सुरत-भुसावळ पॅसेंजर. तापी खोऱ्यातली ही रेल्वे विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर झाली आणि नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर ही गावं सुरतेला जोडली गेली. आधी कापूस गेला, पुढे माणसं गेली. आज उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या भागांत फिरलं तर गुजरातीइतकीच अहिराणी कानावर पडते. आम्ही आलो ते १९७३ मध्ये. त्याआधीच्या वर्षी दुष्काळानं अमळनेरकडची शेती करपून गेली होती. रेशनवर तेव्हा अमेरिकेतून आलेली लालसर ज्वारी मिळायची, तिला सगळे मिलो म्हणत. आजी तिची भाकरी थापायची, पण ती तव्यावर नीट फुगायची नाही आणि आजीचं मन त्या भाकरीवर कधी बसलं नाही. "दादरनी चव इले कोठून?" म्हणायची. दादर ही आमच्याकडची रब्बीची ज्वारी, मोत्यासारख्या पांढऱ्या दाण्याची. वडिलांनी, म्हणजे आप्पांनी, उधन्याला मागावर काम धरलं आणि आम्ही एका खोलीत राहू लागलो.

त्या वेळी उधन्याच्या मागे, डिंडोलीच्या दिशेला, शेतं सुरू व्हायची. काळी जमीन, कपाशी आणि ज्वारी. आजी पहिल्या हिवाळ्यात तिथपर्यंत चालत गेली, बांधावर उभी राहिली, कणीस नखानं दाबून पाहिलं आणि म्हणाली, "दाणास्मा दूध शे." परक्या गावातलं तिचं परकेपण त्या दिवशी थोडं कमी झालं असावं. पुढे त्या शेतकऱ्याशी तिची ओळख झाली. तिला गुजराती येत नव्हती आणि त्याला अहिराणी, पण दोघांना ज्वारी येत होती.

आता माझी गोष्ट. १९७५ च्या हिवाळ्यात मी नववीत होते. प्रकाशसंश्लेषणाचा धडा होता आणि पानात स्टार्च तयार होतो हे दाखवायचा प्रयोग करायचा होता. पद्धत प्रत्येक मराठी मुलाला पाठ असते. पान पाण्यात उकळायचं, मग स्पिरिटच्या परीक्षानळीत घालून ती नळी गरम पाण्यात धरायची म्हणजे हरितद्रव्य निघून पान पांढरं पडतं. ते धुऊन त्यावर आयोडीनचे थेंब टाकायचे. स्टार्च असेल तर पान निळं-काळं होतं. पुस्तकात जास्वंदीच्या पानाचं चित्र होतं, सगळं पान सारखं काळं झालेलं. आमच्या चाळीत जास्वंद नव्हती. मी आजीबरोबर दुपारी शेतावर गेले आणि ज्वारीचं पान तोडून आणलं.

पान पांढरं पडायला वेळ लागला. आयोडीन टाकलं. सगळं पान काळं झालं नाही. त्यावर एकमेकींना समांतर अशा बारीक काळसर रेघा उमटल्या, पानाच्या शिरांच्या बरोबर. रेघांच्या मधला भाग फिकट पिवळाच राहिला. मी वर्गातलं भिंग लावून पुन्हा पाहिलं, वहीत तसंच चित्र काढलं आणि रेघा मोजून लिहिल्या. सरांनी वही पाहिली, पुस्तकातलं चित्र पाहिलं आणि लाल शाईनं लिहिलं, "प्रयोग चुकला. पुन्हा करा." मी जास्वंदीचं पान मागून आणलं, पुन्हा केला, गुण मिळाले. ज्वारीच्या पानाचं पान मात्र मी वहीतून फाडलं नाही.

ते पान बरोबर होतं. हे कळायला मला पुढची पाच वर्षं लागली, आणि विज्ञानाला जवळजवळ दोनशे.

विज्ञानाच्या त्या वाटेवरचे टप्पे मी मुलांना नेहमी आपल्या इतिहासाच्या तारखांना जोडून सांगायचे, म्हणजे लक्षात राहायचे. शिवाजी महाराज अठरा वर्षांचे होते त्या १६४८ साली ब्रुसेल्सकडच्या व्हान हेल्माँटचा प्रयोग छापून आला. त्यानं २०० पौंड वाळवलेल्या मातीत ५ पौंडांचं विलोचं रोप लावलं आणि पाच वर्षं फक्त पाणी घातलं. झाड १६९ पौंडांचं झालं आणि माती कमी झाली जेमतेम दोन औंस. झाड माती खाऊन वाढत नाही, हे त्यानं सिद्ध केलं. झाड पाण्याचंच बनतं, असा निष्कर्ष मात्र त्यानं काढला, तो अर्धाच खरा होता. १७७१ मध्ये इंग्लंडात जोसेफ प्रिस्टलीनं बंद काचेखाली मेणबत्ती जाळून हवा 'बिघडवली' आणि तिच्यात पुदिन्याची डहाळी ठेवली. काही दिवसांनी त्याच हवेत मेणबत्ती पुन्हा जळली. पण तोच प्रयोग कधी जमायचा आणि कधी फसायचा, आणि का फसतो ते त्याला कळेना.

उत्तर १७७९ साली मिळालं. मराठी वाचकाला हे साल वडगावच्या लढाईमुळे माहीत आहे. त्याच वर्षी फेब्रुवारीत इंग्रजांचा सेनानी गॉडर्ड बुऱ्हाणपूरहून तापीच्या खोऱ्यानं फौज घेऊन सुरतेला पोचला. त्याच उन्हाळ्यात लंडनजवळच्या एका घरात यान इंगेनहूस नावाचा डच डॉक्टर पाण्यात बुडवलेल्या पानांवरचे बुडबुडे मोजत बसला होता. त्यानं पाचशेहून अधिक प्रयोग केले. निष्कर्ष दोन ओळींचा होता. हवा सुधारतात ते फक्त झाडाचे हिरवे भाग, आणि तेही फक्त उन्हात. अंधारात झाडंही आपल्यासारखीच हवा बिघडवतात. प्रिस्टलीचा प्रयोग कधी जमे आणि कधी फसे, त्यामागे ऊन होतं.

पुढचं काम दोघा जिनिव्हाकरांनी केलं. सेनेबिएनं १७८२ मध्ये दाखवलं की झाडाला त्यासाठी कर्बवायू लागतो. सोस्यूरनं १८०४ मध्ये दाखवलं की वाढलेल्या वजनात कर्बवायूबरोबर पाण्याचाही वाटा असतो. म्हणजे हेल्माँटचं अर्धं खरं आता पूर्ण झालं. १८६० च्या दशकात जर्मनीच्या युलिउस साक्सनं अर्धं पान झाकून, अर्धं उन्हात ठेवून त्यावर आयोडीन टाकलं आणि उन्हातलं अर्धंच काळं झालं. आपण शाळेत करतो तो प्रयोग त्याचाच. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियात मेल्विन कॅल्व्हिन, अँड्र्यू बेन्सन आणि जेम्स बॅशम यांनी किरणोत्सारी कार्बन वापरून पानात कर्बवायूचं साखरेत रूपांतर कसं होतं, त्याची एकेक पायरी शोधली. पहिली वस्तू तयार होते ती तीन कार्बनांची. कॅल्व्हिनना १९६१ मध्ये नोबेल मिळालं. झाडाच्या स्वयंपाकघराचा नकाशा तयार झाला, असं सगळ्यांना वाटलं.

पण त्या नकाशात न बसणारी एक वनस्पती होती. हवाई बेटांवर ऊस मळेवाल्यांच्या प्रयोगशाळेत ह्यूगो कॉर्टशाक, कॉन्स्टन्स हार्ट आणि जॉर्ज बर उसाच्या पानावर तेच प्रयोग करत होते. त्यांना पहिल्या काही सेकंदांत तीन कार्बनांची वस्तू मिळेना, चार कार्बनांची आम्लं मिळत. त्यांनी हे १९६५ मध्ये छापलं. पुढच्याच वर्षी ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनच्या साखर कंपनीच्या प्रयोगशाळेत हॅल हॅच आणि रॉजर स्लॅक यांनी त्याचा उलगडा केला. ज्वारी, मका, बाजरी, ऊस, राजगिरा या सगळ्या या 'चार कार्बन' वाटेच्या वनस्पती. कपाशी, भात, गहू, तूर, जास्वंद या जुन्या, तीन कार्बनांच्या वाटेच्या.

फरक कशाचा? पानाला खायला हवा लागते, म्हणून त्वचेवरची बारीक छिद्रं, म्हणजे पर्णरंध्रं, उघडावी लागतात. ती उघडली की पाणी निसटतं. कडक उन्हात झाड ती मिटून घेतं, मग आत कर्बवायू कमी पडतो. अशा वेळी कर्बवायू पकडणारं विकर चुकून ऑक्सिजन पकडतं आणि केलेलं काम वाया जातं. ज्वारीनं यावर तोड काढली आहे. तिच्या पानात बाहेरच्या पेशींत दुसरंच विकर बसवलेलं असतं, ते ऑक्सिजनकडे ढुंकून पाहत नाही. ते थोड्याशा कर्बवायूलाही पकडून चार कार्बनांच्या आम्लात बांधतं. ते आम्ल शिरांभोवती गोल रचलेल्या जाड पेशींत पोचवलं जातं आणि तिथे कर्बवायू मोकळा केला जातो. त्या बंद खोलीत तो इतका दाटतो की विकराला चूक करायला वाव राहत नाही. साखर तिथे तयार होते आणि दिवसभरात उरलेला स्टार्चही तिथेच, शिरांभोवतीच साठतो.

माझ्या वहीतल्या रेघा त्या होत्या.

हे मला १९८० मध्ये कळलं. बी.एस्सी.ला असताना सूक्ष्मदर्शकाखाली ज्वारीच्या पानाचा काप ठेवला. प्रत्येक शिरेभोवती हिरव्या पेशींचा नीट गुंफलेला गजरा दिसला. ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ हाबरलांट यानं १८८० च्या दशकात याला हार या अर्थाचं जर्मन नाव दिलं होतं. त्या गजऱ्याचं काम काय, हे समजायला मात्र आणखी ऐंशी वर्षं गेली. मी घरी आले, नववीची वही काढली आणि लाल शाईच्या शेऱ्याशेजारी पेन्सिलीनं लिहिलं, "प्रयोग बरोबर होता." सरांचा राग मला कधी आला नाही, त्यांनी पुस्तकावर विश्वास ठेवला. पण शिक्षक झाले तेव्हा एक गोष्ट मी ठरवली. मुलाच्या वहीत न जुळणारं काही दिसलं तर आधी त्याचं पान मागायचं, मग पुस्तक उघडायचं.

आता हे सुरतेच्या जमिनीवर आणून पाहा. गुजरातचा हा किनारा आणि आपला खान्देश दोन्ही काळ्या मातीचे. पाऊस चार महिने, त्यानंतर जमिनीत मुरलेल्या ओलाव्यावर पीक काढायचं. अमेरिकेत कोलोरॅडोला ब्रिग्ज आणि शान्ट्झ यांनी १९१० च्या दशकात कुंड्या तोलून मोजलं होतं. गव्हाला एक किलो कोरडा भार तयार करायला सुमारे ५०० किलो पाणी लागतं, ज्वारीला सुमारे ३००. चार कार्बनांची वाट तेव्हा कोणाला माहीत नव्हती, पण शेतकऱ्याला तिचा परिणाम माहीत होता. म्हणून कपाशी नगदी पैशांसाठी आणि ज्वारी पोटासाठी. एका शेतात एक वर्ष कपाशी तर पुढच्या वर्षी ज्वारी, अशी ही फेरपालट आणि दाण्याबरोबर गुरांना कडबा. मूळची ईशान्य आफ्रिकेतली ही वनस्पती सुरतेच्या बंदराची भरभराट व्हायच्या कितीतरी शतकं आधी इथे रुजली होती. मुघलांचं, इंग्रजांचं, डचांचं सुरत जहाजांवर आणि कापडावर उभं होतं, पण ते कापड विणणाऱ्याच्या आणि ती जहाजं भरणाऱ्या हमालाच्या ताटात ज्वारीचा रोटला होता.

सरकारी शेतीनंही हे ओळखलं होतं. सुरत मुंबई इलाख्यात असताना, १८९६ मध्ये, इथे कापसाच्या संशोधनासाठी सरकारी शेत सुरू झालं. अठवा भागातलं हे शेत आज नवसारी कृषी विद्यापीठाकडे आहे आणि तिथेच ज्वारीचं मुख्य संशोधन केंद्रही आहे. कापसाचा जगातला पहिला व्यापारी संकरित वाण, 'एच-४', १९७० मध्ये डॉ. सी. टी. पटेल यांनी सुरतेच्याच कापूस केंद्रावर तयार केला. महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यालाही त्या वाणानं पुढे पैसा दाखवला. ज्या गावात कपाशीनं हे मोठं नाव कमावलं, त्याच गावात ज्वारीचं नाव पोंकानं टिकवलं.

मग पाणी आलं. १९५० च्या दशकात काकरापारचा बंधारा झाला, १९७२ मध्ये उकाईचं धरण पूर्ण झालं आणि सुरत जिल्ह्याच्या मोठ्या भागात कालवा पोचला. बारडोलीला सहकारी साखर कारखाना १९५० च्या दशकातच निघाला, पुढे मढी, चलथान, सायण अशा ठिकाणी आणखी निघाले. ज्वारी आणि कपाशीच्या जागी ऊस आला. ऊस हा ज्वारीचाच नातलग, त्याच चार कार्बनांच्या वाटेचा, ज्याच्या पानावर हवाई आणि ब्रिस्बेनला हे गुपित फुटलं तोच. ऊनही तेच, पण त्याला पाणी मात्र बारा महिने हवं. आणि तो तोडायला हात हवेत. दरवर्षी दिवाळीनंतर धुळे, नंदुरबार आणि डांगातून कोयत्यांच्या टोळ्या ट्रकमध्ये बसून बारडोलीच्या पट्ट्यात येतात, पालांत राहतात आणि उन्हाळ्यात परततात. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी १९६० च्या दशकापासून या भागातल्या शेतमजुरांच्या जगण्याची नोंद ठेवली, ऊसतोड मजुरांच्या हालअपेष्टांचीही. माझ्या वर्गात एका वर्षी साक्रीकडचा एक मुलगा होता, त्याचे आईवडील हंगामात ऊसतोडीला जायचे. साखर कुठे तयार होते, हा प्रश्न मी वर्गाला विचारला तेव्हा तो पटकन म्हणाला, "पानात. कारखान्यात ती फक्त काढतात." इतकं नेमकं उत्तर मला त्या वर्षी दुसऱ्या कोणी दिलं नाही.

त्यानंतर शहर वाढलं. आजी ज्या बांधावर उभी राहिली होती, तिथे आता इमारती आहेत. पोंकाची ज्वारी आता शहराबाहेरच्या गावांतून येते आणि दर हिवाळ्यात तिचा भाव वाढलेला असतो. सुरतेचा कापडाचा धंदाही आता कपाशीचा उरलेला नाही, तो पॉलिएस्टरचा झाला आहे. पॉलिएस्टर म्हणजे खनिज तेल, आणि खनिज तेल म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पतींनी पकडलेलं ऊन. आप्पा मागावर जो धागा विणायचे तोही उन्हाचाच होता, फक्त फार जुन्या. नव्या उन्हाचं जे काही या शहरात अजून रोज ताजं मिळतं, त्यात पोंक पहिला आहे.

निवृत्त होईपर्यंत मी दर डिसेंबरात वर्गात एक प्रयोग घ्यायचे. शेतातून तीन वयांची कणसं आणायची. एकाच्या दाण्यात नुसतं दूध, दुसरा पोंकाचा, तिसरा पिकलेला कडक. तिन्ही दाणे पाण्याच्या थेंबात चिरडायचे आणि प्रत्येकावर आयोडीन. पहिला हलका जांभळट, दुसरा निळा, तिसरा काळाकुट्ट. मुलं चव घेऊन ताडून पाहायची, आयोडीन न लावलेल्या दाण्याची अर्थात. दूध सगळ्यात गोड पण पचपचीत. पिकलेल्याला गोडी नाही. पोंक मध्ये. कारण सोपं आहे. पानात तयार झालेली साखर रसवाहिन्यांतून दाण्यात येते आणि दाणा तिचा स्टार्च करून ठेवतो, पुढच्या पिकाच्या बीजासाठी. कोवळ्या दाण्यात साखर येत असते आणि स्टार्चही होत असतो. पोंक हे त्या दोघांच्या मधलं आठ-दहा दिवसांचं दार आहे. कणीस तोडलं तरी हे काम थांबत नाही, दाण्यातली गोडी कमी होत जाते. म्हणून पोंक सकाळी तोडून सकाळीच भाजायचा असतो. आजी म्हणायची, हुरडा वाटेत म्हातारा होतो. तिला विकरं माहीत नव्हती, पण तिचं म्हणणं खरं होतं.

२०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं वर्ष म्हणून साजरं केलं, तेव्हा मोठ्या हॉटेलांतही ज्वारी दिसू लागली. मला त्याचा आनंद आहे. पण ज्वारी जगते ती शेतात, आणि शेतात ती लावली जाते ती तिला गिऱ्हाईक असेल तर. सुरतेच्या आसपासच्या शेतकऱ्यानं पोंकासाठी ज्वारी लावणं चालू ठेवलं आहे, कारण हे शहर दोन-अडीच महिने त्याच्याकडे धावत जातं. एक चवीची सवय एखादं पीक शेतात टिकवू शकते, याचा हा धडधडीत पुरावा आहे.

म्हणून माझ्या दोन मागण्या आहेत. सुरतेत किंवा खान्देशात असाल तर या हिवाळ्यात पोंक, हुरडा विकत घ्या, वाण कोणता ते विचारा, आणि घरी आठवड्यातून काही दिवस ज्वारीची भाकरी करा. आणि शिक्षक असाल तर प्रकाशसंश्लेषणाच्या प्रयोगाला जास्वंदीच्या जोडीला ज्वारीचंही पान घ्या. पान दुपारी चारच्या सुमारास तोडा, म्हणजे दिवसभराचा स्टार्च त्यात असतो. सकाळी तोडलंत तर रात्रीत तो खर्च झालेला असेल. आयोडीन टाकल्यावर भिंगातून पाहा, शिरांच्या बाजूनं काळसर रेघा दिसतील. मुलांना त्या मोजू द्या आणि वहीत तशाच काढू द्या.